चंद्रावर टाकायचा भाला

मुलाखतीच्या दिवशी कोकरे सरांनी माझा मोबाईल हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि टेबलाच्या कडेवरून खाली सोडला. त्यांच्या हातून तो निसटला नव्हता. त्यांनी तो कडेशी नीट धरला, बोटं उघडली आणि पडताना त्याच्याकडे पाहत राहिले. मोबाईल नवा होता. नोकरी लागेल या आशेनं बाबांनी आधीच घेऊन दिलेला. मागचं झाकण एका कोपऱ्यात गेलं, बॅटरी कपाटाखाली.

"जोडा," सर म्हणाले.

मी खाली बसून जोडला.

"लागला?"

"हो."

"मंग चांगला हाय. आता सांगा, बॅटरी भाईर का आली?"

मी दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी. अनोळखी माणसासमोर मराठीत बोलायचं म्हटलं की माझी वाक्यं अर्ध्यातच तुटत. त्या दिवशी मी कसंबसं सांगितलं की झाकण सुटण्यात आणि बॅटरी उडण्यात धक्क्याचा बराचसा जोर खर्ची पडला, म्हणून आतला भाग वाचला. सरांनी माझ्या गुणपत्रिका उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत.

"सोमवारी या. मोबाईल आणा, पन माझ्या हातात देऊ नका."

ही २००३ सालची गोष्ट. आमची कंपनी कारेगावच्या पुढं, एमआयडीसीच्या अगदी टोकाला, एका पत्र्याच्या शेडमध्ये होती. मोठ्या कारखान्यांचे गाड्यांचे सुटे भाग आमच्याकडे तपासायला येत. ते किती हादरे सोसतात आणि किती उंचीवरून पडल्यावर तुटतात हे आम्ही लिहून द्यायचो. कोकरे सर त्या तपासणी विभागाचे प्रमुख होते. शेडमध्ये दिवसभर काही ना काही आपटत असे, आणि त्या सगळ्या आवाजावर सरांचा आवाज असे.

उंच, काळेसावळे, खांद्यात किंचित पुढं झुकलेले. जेवायचे उभ्यानं, डबा लेथ मशीनवर ठेवून. शर्टाच्या खिशात बेअरिंगच्या तीन-चार गोळ्या असत आणि बोलताना ते त्या एकमेकींवर घासत. नम्रता त्यांच्याजवळ नावालाही नव्हती. "या तालुक्यात आपटण्यातलं माझ्याएवढं कुनाला कळत न्हाई," हे ते गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगायचे. एखाद्या भागाचं चित्र, आकडे, गणित घेऊन कुणी तासभर वाद घालू लागलं की ते ऐकून घेत आणि म्हणत, "बरं. पाडून बघू." मग तो भाग पाडला जाई. कधी सर बरोबर ठरत, कधी गणितवाला. सर चुकले तर मोठ्यानं हसत आणि सगळ्यांना चहा सांगत. मी पाहिलं की त्यांना जिंकण्यापेक्षा तो पडण्याचा क्षण जास्त आवडायचा.

एकदा दुपारी त्यांनी मला अंगणात बोलावलं. तिथं ऑइलची दोन रिकामी पिंपं उभी केली होती. एकाला आतून बाहेरून ओली पोती गुंडाळली होती. त्यांनी हातोडा घेऊन कोरड्या पिंपावर एक ठोका मारला. पिंप बराच वेळ घुमत राहिलं. मग ओल्या पिंपावर मारला. नुसता धप्प आवाज आला आणि संपला.

"शिल्पाबाई, मानसं चंद्रावर गेली तवा तिथं एक मशीन ठेवून आली. जमीन हालली की मोजनारं. मंग रॉकेटचा रिकामा झालेला तुकडा त्यांनी मुद्दाम चंद्रावर आपटला. चंद्र किती वेळ हालत ऱ्हायला असंल?"

"एखादं मिनिट?"

"तासाच्या वर."

ते कोरड्या पिंपावर तळहात ठेवून उभे राहिले. "आपल्या जमिनीत पानी मुरलेलं हाय. ती हादरा पिऊन टाकती. चंद्र आतून कोरडा हाय, म्हनून घुमतो. एक ठोका मारला आन् एवढा मोठा गोळा आतून कसा हाय त्ये कळलं. फोडावा लागला न्हाई, खनावा लागला न्हाई." मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मानानं खाली आणून, म्हणाले, "आन् तरीबी लोक म्हंत्यात की त्याच्या टोकाला, खड्ड्यात, जिथं ऊन कवाच पोचत न्हाई, तिथं बर्फ असंल. सगळा गोळा कोरडा आन् कोपऱ्यात बर्फ. हाय का न्हाई, कोन सांगनार?"

त्या रात्री शिरूरच्या माझ्या खोलीवर मी गच्चीत जाऊन चंद्राकडे पाहिलं. तोवर तो मला कधी वस्तू वाटला नव्हता, ज्यावर काही आपटता येईल अशी.

हे सांगणारं यंत्र सरांनीच बनवायला घेतलं होतं. त्याला आम्ही भाला म्हणायचो. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचा, टोकदार पोलादी नाकाचा. यानातून तो सोडायचा, तो वेगानं जाऊन चंद्राच्या जमिनीत घुसायचा. नाकामागच्या छिद्रातून थोडी माती आत येणार, एक बारीक तार तिला तापवणार, वाफ निघाली तर ती मोजली जाणार आणि आकडा वर यानाकडे जाणार. यातली प्रत्येक गोष्ट आपटल्यानंतर घडायची होती. "बाकीची यंत्रं आपटू नयेत म्हनून जपत्यात," सर म्हणायचे, "ह्यो आपटल्यावरच कामाला लागतो."

एका मोठ्या संशोधन संस्थेनं पुढच्या चंद्रमोहिमेसाठी अशा कल्पना मागवल्या होत्या. सरांनी आमच्या मालकांना, ज्यांना सगळे शेठ म्हणत, वर्षभर समजावून होकार मिळवला होता. पण शेठनं स्पष्ट सांगितलं होतं, "संस्थेची मानसं येऊन बघतील. त्यांना पटलं तर ठीक. न्हाई पटलं तर भाला गुंडाळायचा आन् गाडीच्या पार्टांकडं बघायचं." सरांनी मान्य केलं होतं. त्या एका भेटीवर सगळं होतं.

सरांचे वडील, आबा, एकदा शेडमध्ये आले होते. वडगाव रासाईहून एसटीनं, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी. त्यांचं सगळं तरुणपण मेंढ्यांमागं गेलेलं. सरांनी त्यांना भाला हातात दिला.

"चंद्रावर गवात हाय का?" आबांनी विचारलं.

"न्हाई."

"पानी?"

"त्येच बघाया चाललाय ह्यो."

आबांनी भाला खालीवर करून वजन पाहिलं. "व्हय. मेंढरांचा वाडा हालवायच्या आदी आमच्यातबी एक जन फुडं जायचा. पानी बघायचा आन् मंग बाकीच्यास्नी सांगायचा. तवर मेंढरं जाग्यावर."

"आबा, तुमचा मानूस माघारी यायचा. ह्यो येनार न्हाई."

"मंग सांगनार कसं?"

"तिथनंच."

आबांनी भाला दोन्ही हातांनी परत दिला, जसं कुणाचं लहान मूल परत द्यावं तसा. "लई लांब धाडतुयास," एवढंच म्हणाले.

चंद्राची माती कुठून आणायची, हा प्रश्न सरांनी एका दिवसात सोडवला. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे आपल्या काळ्या दगडाचेच भाऊबंद, असं सांगून त्यांनी निमोण्याच्या बाजूच्या खडी क्रशरवरून दोन ट्रॉल्या कच आणली. दगड फोडताना खाली पडणारी बारीक भुकटी. पण तिच्यात ओल असतेच. म्हणून शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत, त्याचं काम संपल्यावर, आम्ही ती ट्रे भरभरून भाजायचो. बर्फाची जबाबदारी माझ्यावर होती. रविवारी घरी जाऊन सोमवारी दौंडहून येताना स्टेशनजवळच्या बर्फ कारखान्यातून एक लादी टेम्पोत घालायची, भाताच्या तुसात आणि पोत्यात गुंडाळायची आणि कारेगावपर्यंत आणायची. न्हावऱ्याच्या पुढं ऊन चढे आणि टेम्पोमागं रस्त्यावर ओली रेघ पडत येई. सर पोती उघडून उरलेला बर्फ बघत आणि म्हणत, "सावली पुरली न्हाई." मग स्वतःच फोडून, कुटून, भाजलेल्या कचीत मिसळत. शेडमागच्या लोखंडी मनोऱ्यावर हवेच्या दाबानं भाला खाली सोडणारी नळी होती. तिला कामगार तोफ म्हणायचे. चंद्रावरचा वेग तिला येणं शक्य नव्हतं, हे सर आधीच सांगून टाकायचे. पण भाला कचीत घुसे तेव्हा पायाखालचा कोबा हादरायचा.

संस्थेची माणसं आली त्या सकाळी शेड धुऊन काढली होती. तीन जण होते. त्यांच्या प्रमुख एक वयस्कर शास्त्रज्ञ बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मराठी त्यांना येत नव्हतं. सरांचं इंग्रजी कामापुरतं चांगलं होतं, पण खुशीत किंवा रागात आले की ते इंग्रजी सोडून देत. म्हणून मला त्यांच्याजवळ उभं केलं होतं.

दोन हौद भरले होते. एकात बर्फ मिसळलेली कच, दुसऱ्यात भट्टीतून काढलेली, ठणठणीत कोरडी. भाल्यानं दोघांतला फरक सांगायचा.

पहिला भाला बर्फाच्या हौदात गेला. आकडा चढला. बाईंनी मान हलवली. दुसरा कोरड्या हौदात गेला. तिथंही आकडा चढला.

बाईंबरोबरच्या तरुणानं वहीत काहीतरी लिहिलं. शेठ खाली बघू लागले. कोरड्या मातीत पाणी सांगणारं यंत्र चंद्रावर कोण नेईल?

सरांनी कुणाला काही विचारलं नाही. ते हौदात उतरले, गुडघ्यांवर बसले आणि कोपरापर्यंत हात कचीत घातला. हात वर आला तेव्हा त्याला वरच्या थरातली भुकटी चिकटली होती. कोरडी भुकटी तशी चिकटत नाही.

"हौदावरचा प्लास्टिकचा कागद कुनी काढला?"

भामामावशी मागे केरसुणी धरून उभ्या होत्या. आमच्याकडे झाडलोट त्याच करायच्या, निमोण्याहून यायच्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्या काढला, सर. पावनं येनार म्हनून. धूळ लई उडत व्हती. म्हनून जरा सडा मारला."

रोज सकाळी दारात मारायच्या तसाच. पाहुणे येणार म्हणून त्यांनी चंद्रावर सडा टाकला होता.

शेठचा आवाज चढला. "भामाबाई, वर्साचं काम—"

"शेठ, थांबा," सर म्हणाले. ते अजून हौदातच होते आणि मला धक्का बसला, कारण ते हसत होते. "मावशी, किती पानी मारलं?"

"तांब्याभर. त्येबी अख्ख्या हौदावर."

सर माझ्याकडे वळले आणि त्यांनी इंग्रजी सोडलं. "शिल्पाबाई, सांगा यांना. एवढा हौद, तांब्याभर पानी, आन् भाल्यानं धरलं. यंत्र खोटं न्हाई बोललं. आपन खोटं बोलत व्हतो, कोरडं हाय म्हनून."

मी सांगितलं. एकही वाक्य तुटलं नाही. शास्त्रज्ञ बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या की हे खरं असू शकतं, पण अपघातानं झालेली चाचणी त्यांना धरता येणार नाही. निकाल पाहिल्यावर तुम्ही तुम्हाला हवं ते कारण शोधलं आहे, असंही त्या म्हणाल्या.

सरांनी ते मानलं. लगेच मानलं. मग म्हणाले, "मंग उद्या मावशी ठरवतील."

दुसऱ्या दिवशी सहा पिंपं भाजलेल्या कचीनं भरली. भामामावशींच्या हातात एक तांब्या आणि उरलेला बर्फ दिला. "जिथं वाटंल तिथं घाला, जिथं न्हाई वाटत तिथं घालू नका. आम्हाला फसवा. कुनालाबी सांगायचं न्हाई, मलाबी न्हाई." मावशी आत गेल्या आणि आम्ही शटर खाली ओढलं. बाहेर शेठ, तिन्ही पाहुणे, आम्ही सगळे उभे. आतून पिंप सरकवल्याचा आवाज येत होता. सर खिशातल्या गोळ्या घासत होते.

मावशी बाहेर आल्या. तोंड मिटलेलं. पिंपं एकामागून एक तोफेखाली आली. सर प्रत्येक वेळी आकडा बघून मोठ्यानं सांगत. ओलं. कोरडं. ओलं. ओलं. कोरडं. कोरडं.

बाईंनी मावशींकडे पाहिलं. मी मराठीत विचारलं.

"पाच बराबर," मावशी म्हणाल्या. "शेवटचं चुकलं. त्यात बर्फ हाय."

सरांनी शेवटचं पिंप आडवं पाडलं. कच जमिनीवर पसरली. बर्फ होता, पण एका बाजूला, पिंपाच्या कडेला चिकटून. भाला मधोमध गेला होता.

"मावशी, कडंला का घातला?"

"तुम्हीच म्हनला ना, फसवा."

सर त्या पसरलेल्या कचीकडे उकिडवे बसून बघत राहिले. मग उठले आणि त्यांनी स्वतःच, इंग्रजीत, हळूहळू शब्द शोधत बाईंना सांगितलं. भाला जिथं पडतो तिथलंच सांगतो. हातभर बाजूला काय आहे ते त्याला कळत नाही. एक भाला टाकून चंद्रावर बर्फ नाही असं म्हणता येणार नाही. पुष्कळ टाकावे लागतील.

हे त्यांना सांगायची काही गरज नव्हती. पाच बरोबर आले होते. पाहुणे खूश दिसत होते. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि मला वाटलं, सरांनी आता गप्प बसावं. पण ते थांबले नाहीत. बाईंनी वही मिटली आणि सरांचा धुळीनं भरलेला हात हातात घेतला.

चार महिन्यांनी संस्थेचा फोन आला. यंत्र चालतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण एका भाल्यानं भागणार नाही, हेही आता त्यांना पटलं होतं, आणि अनेक भाले नेण्याएवढं वजन मोहिमेत बसत नव्हतं. सरांचंच म्हणणं त्यांच्या कामाआड आलं होतं. सरांनी फोन ठेवला, सगळ्यांना चहा सांगितला आणि मशीनवर डबा उघडून उभ्यानं जेवले. त्या दिवशी शेड शांत होती.

शेठनं ठरल्याप्रमाणे भाला गुंडाळायला सांगितला. सरांनी दिवसभर गाडीचे पार्ट तपासले आणि पाच वाजल्यानंतर, कामाच्या वेळेबाहेर, भाल्याचं वजन कमी करायला घेतलं. पहिल्याच्या अर्ध्या वजनाचा एक झाला. मग त्याहून हलका. शेठ बघून न बघितल्यासारखं करत. मी एकदा विचारलं, आता कुणी मागितलेला नाही, मग कशासाठी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला प्रश्न परत घ्यावासा वाटला. "खड्डं तिथंच हायत की," ते म्हणाले.

२००७ साली मी पुण्यात दुसरी नोकरी धरली. पुढच्या वर्षी भारताचं यान चंद्राभोवती पोचलं. त्याच्यावर एक पेटी बसवली होती, जी सुटून चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ आपटणार होती. सरांचा त्यात काहीच भाग नव्हता. ती पेटी आपटायची होती त्या शुक्रवारी त्यांचा फोन आला, "संध्याकाळी या. टीव्हीवर बघू."

कारेगावच्या चौकातल्या हॉटेलात बाकडी भरली होती. बहुतेक बिहारकडचे कामगार, शिफ्ट संपवून आलेले. भामामावशी एका कोपऱ्यात बसल्या होत्या. सर टीव्हीशेजारी उभे राहून सगळ्यांना समजावत होते.

"गिरेगा तो टूटेगा ना, साहब?" एकानं विचारलं.

"टूटेगा. टूटने के वास्तेच गया है."

"फिर क्या फायदा?"

"गिरते गिरते बोलेगा. फोटो भेजेगा, हवा सूंघेगा."

मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "ह्यो पडेपर्यंत बोलनार. आपला पडल्यावर बोलला असता." तेवढंच. पुन्हा टीव्हीकडे वळले. पेटी खाली जात होती त्या सगळ्या वेळात ते बसले नाहीत. साडेआठच्या सुमारास निवेदकानं सांगितलं की ती पोचली. बाकड्यांवरून टाळ्या वाजल्या. हॉटेलवाल्यानं सर्वांना चहा फुकट दिला.

"सर," मावशींनी विचारलं, "ह्यो तुमचा न्हवता ना?"

"न्हाई, मावशी. माझा न्हवता." त्यांनी कप खाली ठेवला. "पन पडला नीट. सांगितल्या जाग्याला पडला."

आम्ही बाहेर आलो. पौर्णिमा कालच होऊन गेली होती. शिरूरच्या दिशेला रस्त्याच्या वर चंद्र चढला होता, मोठा आणि पांढरा. सरांनी मोटारसायकल सुरू केली, पण गिअर टाकला नाही. एक पाय जमिनीवर टेकवून ते चंद्राच्या टोकाकडे बघत राहिले. मागून ट्रकवाला हॉर्न देत होता. त्यांना ऐकू येत नसावं, किंवा येत असेल. मी चार वर्षं त्या माणसाला वस्तू पडताना बघताना पाहिलं होतं. पडून झाल्यानंतर इतका वेळ बघत राहिलेलं त्याच दिवशी पाहिलं.

"धूळ बसली असंल आता," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "सोमवारी नवा भाला पाडतोय. सुट्टी भेटली तर या," आणि गाडी शिरूरच्या रस्त्याला लावली.